भाग संपला, मग उठायचं कधी?

मनोरंजनाच्या परिणामांची चर्चा निघाली की गाडी हटकून आशयावर येते. हिंसा किती, शिव्या किती, मुलांनी काय पाहावं. तेही बोलायलाच हवं, पण आपली झोप आणि जेवणाच्या वेळा बिघडवल्या त्या मांडणीने, म्हणजे एकामागून एक न थांबता समोर येत राहण्याने. टीव्हीवरची मालिका संपली की पुढच्या भागासाठी थांबणं भागच असायचं. नेटफ्लिक्सने २०१३ मध्ये ‘हाउस ऑफ कार्ड्स’चा अख्खा पहिला सीझन एकदम टाकला. यूट्यूबने त्याच्या आदल्याच वर्षी शिफारशी ठरवताना व्ह्यूजपेक्षा पाहण्याच्या वेळेला जास्त वजन द्यायला सुरुवात केली होती. सॉफ्टवेअर डिझायनर अझा रास्किन यांनी २००६ मध्ये तयार केलेल्या न संपणाऱ्या स्क्रोलने तर पानाचा तळच काढून टाकला. ‘आता पुरे’ म्हणायची जागाच उरली नाही. ती आपल्याला परत आणावी लागते.

नेटफ्लिक्सचं अकाउंट ब्राउझरमध्ये उघडा, आपलं प्रोफाइल निवडा आणि प्लेबॅक सेटिंग्जमध्ये पुढचा भाग आपोआप सुरू होण्यापुढची खूण काढा. ट्रेलरच्या ऑटोप्लेची खूण वेगळी असते, तीही काढा. इथे बहुतेकांचं घोडं अडतं ते प्रोफाइलपाशी: सेटिंग त्या एकाच प्रोफाइलला लागू होतं, मुलांचं प्रोफाइल तसंच राहतं. टीव्हीवर फरक दिसला नाही, तर दुसऱ्या प्रोफाइलवर जाऊन परत या.

यूट्यूबवर नुसता ऑटोप्ले बंद करून भागत नाही, कारण ओढ होमपेजचीच असते. वॉच हिस्टरी बंद करा आणि जुनी पुसूनही टाका. नुसती बंद केली तर जुन्या नोंदींवरून शिफारशी येतच राहतात. दोन्ही केलं की होमपेज जवळपास रिकामं होतं. सबस्क्रिप्शन आणि सर्च नेहमीसारखे चालतात. तोटा एवढाच, की मागे पाहिलेला व्हिडिओ हिस्टरीत सापडत नाही.

सेटिंगने न सुटणारी गोष्ट म्हणजे भागाच्या शेवटी टांगून ठेवलेला प्रसंग. दार उघडतं, चेहरा दिसत नाही, नावं सुरू. अशा ठिकाणी थांबायचा निश्चय करणं म्हणजे लेखकाच्या मैदानावर जाऊन त्याच्याशीच खेळणं. उत्कंठा ताणलेली असते शेवटच्या एक-दोन मिनिटांत, आणि बहुतेक वेळा पुढच्या भागाच्या पहिल्या काही मिनिटांत ती सैल होते. म्हणून भागाच्या मध्यावर, एखादा साधा संवाद चालू असताना बंद करा. दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करता येतं.