पढवलेला साक्षीदार

गेली बावीस वर्षे मी मुलांसाठी लिहिते आहे. हरवलेल्या छत्र्या, रुसलेल्या आज्या आणि पावसात फसलेल्या सहली हा माझा प्रांत. खुनाची कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा घरच्यांनी ती थट्टाच समजली. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांतल्या कितीतरी मी शाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकाआड धरून वाचल्या होत्या, एवढ्या भांडवलावर मी पहिले प्रकरण लिहिले.

कादंबरीत साताऱ्याजवळच्या एका वाडीत विहिरीपाशी खून होतो आणि तो पाहणारा एकमेव साक्षीदार नऊ वर्षांचा मनू असतो. मुलगा आणण्यामागचा माझा हिशेब सरळ होता: पोलीस, वकील, डॉक्टर मला परके, पण मुले मला कळतात. सगळे लिहून झाल्यावर, ओळखीतून, साताऱ्यातील एका निवृत्त फौजदारांना मी हस्तलिखित वाचायला दिले. पंधरा दिवसांनी त्यांनी बोलावले. ते ओसरीवर बसले होते, गठ्ठ्याला रबर लावलेले होते आणि कडेने चिकटवलेल्या पिवळ्या कागदांपैकी बहुतेक एकाच प्रकरणात होते. ते प्रकरण मनूचे होते.

“ताई, खून बरा जमलाय,” ते म्हणाले. “पोरगं नाही जमलं.”

पहिली चूक त्यांनी हसत सांगितली. मी मनूला पोलीस ठाण्यात आणून बाकावर बसवले होते आणि त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते, हे मोठ्या हौसेने लिहिले होते. पंधरा वर्षांखालील मुलाला चौकशीसाठी राहत्या जागेखेरीज इतरत्र हजर राहायला भाग पाडता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. म्हणजे फौजदारानेच मनूच्या घरी जायचे. दुसऱ्या चुकीने माझ्या प्रकरणाचा शेवटच गेला. तिथे मनू वेड्यावाकड्या अक्षरांत जबाबावर सही करतो आणि ‘नू’चा ऊकार लिहिताना त्याची पेन्सिल मोडते. तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतच नाहीत. एवढी सुंदर पेन्सिल वाया गेली, याचे मला खरोखर वाईट वाटले.

मग त्यांनी गठ्ठा बाजूला ठेवला आणि न्यायालयात लहान मूल साक्षीला उभे राहते तेव्हा काय होते, ते सांगितले. न्यायाधीश आधी स्वतः त्याला साधे प्रश्न विचारतात: नाव काय, कोणत्या शाळेत जातोस, बाई कोण, खोटे बोलावे का. त्याला प्रश्न समजतात आणि नीट उत्तरे देता येतात असे दिसले, तरच साक्ष पुढे चालते. बारा वर्षांखालच्या मुलाला खरे बोलायचे असते एवढे कळत असेल, पण शपथ म्हणजे काय ते कळत नसेल, तर शपथ न देताही त्याची साक्ष घेता येते. साक्ष विश्वासार्ह असेल तर तिच्यावरून शिक्षाही होऊ शकते. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली तसे म्हटले आहे. बचाव पक्षाचा वकील मात्र एकाच गोष्टीच्या मागे लागतो, ती म्हणजे पोराला कोणी पढवले आहे का.

“ते ओळखायचं कसं?” मी विचारले.

“पोराच्या तोंडात मोठ्यांचा शब्द सापडला की वकील तिथंच धरतो. आमचाच एक रायटर होता, त्यानं सात वर्षांच्या पोरीच्या जबाबात ‘सदर इसम’ लिहिलं होतं. उलटतपासणीत तिला विचारलं, इसम म्हणजे काय गं? ती म्हणाली, माहीत नाही.”

मी मोठ्याने हसले. त्यांनी न हसता माझे पान उघडून वाचले: “‘त्या माणसाच्या डोळ्यांत मला विलक्षण क्रौर्य दिसले, असे मनूने सांगितले.’ हे कोण बोलतंय, ताई?”

मला उत्तर देता आले नाही, कारण प्रश्न त्या एका वाक्याचा नव्हता. माझ्या पुस्तकांतली मुले शहाणी, हजरजबाबी आणि चटका लावणारे बोलणारी म्हणून नावाजली गेली आहेत. एका पुरस्काराच्या मानपत्रात तर ‘बालमनाचा अस्सल उद्गार’ असे शब्द आहेत. त्या ओसरीवर मला एकेक करून ती सगळी आठवत गेली आणि त्यांतले एकही मूल पहिल्या दोन प्रश्नांपुढे टिकले नसते, हे उमगत गेले. बावीस वर्षे मी साक्षीदार पढवत आले होते. फक्त उलटतपासणी घ्यायला कोणी आले नव्हते.

परतीच्या एस.टी.त मी ते वाक्य खोडले. मनू खरोखर काय पाहील, याचा विचार करताना खंबाटकी घाट गेला, शिरवळ गेले. नऊ वर्षांचे मूल क्रौर्य पाहत नाही. रोज घरी ज्यावरून बोलणी बसतात, ते मात्र त्याला बरोबर दिसते. कात्रजच्या अलीकडे वहीत दोनच ओळी उतरल्या आणि घरी येताच मी त्या साहेबांना फोनवर वाचून दाखवल्या:

“काकांनी विहिरीवर हात धुतले. साबण नाही लावला.”

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग ते म्हणाले, “चपला काढल्या होत्या का, विचारा त्याला.”