तबकाच्या तळाचं फेल्ट

अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये, म्हणजे तिथल्या अँग्लिकन पंथाच्या चर्चमध्ये, रविवारी दानाचं तबक ओळीओळीतून फिरतं. ते पितळेचं असतं किंवा लाकडाचं, आणि तळाला फेल्ट, म्हणजे जाड मऊ कापड, चिकटवलेलं असतं. नाणं पडलं तरी आवाज होऊ नये म्हणून. आपल्याकडे आरतीच्या ताटात नाणं खणकन वाजतं आणि टाकणाऱ्याला ते वाजलेलं आवडतंही. इथे पैशाने गप्प बसायचं असतं. गंमत म्हणजे याच अँग्लिकन घराण्यातल्या महाराष्ट्रातल्या मंडळ्या १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेल्या, आणि त्यांच्याकडे सुगीच्या सणाला भोपळ्याची नि कोंबडीची बोली सगळ्यांसमोर ओरडून लागते. घराणं एक, पण पैशाचा आवाज निराळा.

तबक फिरवण्यालाही सराव लागतो. दोघे अशर, म्हणजे तबक फिरवणारे, पुढून मागे येतात आणि तबक सापासारखं वळणं घेत जातं. मधली एखादी ओळ रिकामी असली की गाडी अडते. टोकाचा माणूस ते मांडीवर घेऊन बावचळल्यासारखा बसतो, कारण पुढे कुणाकडे द्यायचं हे त्याला कळत नाही. जाणता अशर अशा वेळी दोन पावलं आधीच तिथे उभा असतो. मग सगळी तबकं एका मोठ्या परातीत एकावर एक ठेवून, भाकर आणि द्राक्षारसाबरोबर वेदीकडे नेतात.

पण या तबकावर चर्च चालत नाही. चर्च चालतं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात घरी येणाऱ्या एका छोट्या कार्डावर. पुढच्या वर्षी आपण किती देऊ, आठवड्याला की महिन्याला, एवढं लिहून सही करायची. याला प्लेज म्हणतात. गणपतीच्या वर्गणीत दारात पावती फाटते आणि आकडा फळ्यावर झळकतो. इथे आकडा खजिनदार किंवा प्लेजची नोंद ठेवणारा सेक्रेटरी, एवढ्यांनाच ठाऊक असतो. रेक्टरने, म्हणजे पॅरिशच्या (एका चर्चच्या स्थानिक मंडळीच्या) मुख्य धर्मगुरूने, तो पाहावा की पाहू नये यावर मात्र पॅरिशपरत्वे मतभेद आहेत. मला विचाराल तर पाहावा. वर्षानुवर्षं नेमाने देणारं घर अचानक थांबलं, तर बहुतेक वेळा कुणी आजारी असतं, नोकरी गेलेली असते किंवा मन दुखावलेलं असतं, आणि त्या दारावर जायचं काम धर्मगुरूचंच असतं.

प्लेज म्हणजे कर्ज नाही, अंदाज आहे. वर्षाच्या मध्ये एक फोन करून आकडा बदलता येतो, आणि हे कार्डावर स्पष्ट छापलेलं बरं. नाहीतर लोक सहीलाच बिचकतात, आणि तेवढंच दान प्लेजशिवाय देत राहतात. पैसा तोच येतो, पण व्हेस्ट्रीला, म्हणजे निवडून आलेल्या पंचांना, डिसेंबरात अंदाजपत्रक करताना तो दिसत नाही.

किती द्यायचं? १९८२ सालच्या जनरल कन्व्हेन्शनने, म्हणजे एपिस्कोपल चर्चच्या सर्वोच्च सभेने, दशांश हे देण्याचं किमान प्रमाण ठरवलं. वर्षाला ६०,००० डॉलर मिळवणाऱ्या घराने ६,०००. प्रत्यक्षात तिथवर पोहोचणारी घरं थोडीच. त्यापेक्षा आज आपण उत्पन्नाच्या किती टक्के देतो ते कागदावर मांडावं आणि पुढच्या वर्षी एक टक्का वाढवावा, हा सल्ला जास्त पचतो. आठवड्याला २५ डॉलर म्हणजे वर्षाला १,३०० होतात, हेही अनेकांनी कधी गुणून पाहिलेलं नसतं.

खजिनदाराची खरी झोप उडते ती सरासरीने. समजा ६० घरांनी मिळून दीड लाख डॉलर कबूल केले. सरासरी अडीच हजार, छान वाटतं. पण त्यातली दोन घरं पंधरा-पंधरा हजारांची असतील, तर उरलेल्या ५८ घरांची सरासरी दोन हजारांच्या जरा वर येते. आणि त्या दोनांपैकी एक फ्लोरिडाला राहायला गेलं की अंदाजपत्रकाला दहा टक्क्यांचं भगदाड. म्हणून शहाणा खजिनदार प्लेजची बेरीज जशीच्या तशी धरत नाही, काही टक्के आधीच छाटतो.

खर्चाची बाजू मात्र छाटता येत नाही. रेक्टरचा पगार आणि घर, त्या मोबदल्याच्या १८ टक्के पेन्शन फंडाला, डायोसीजचा, म्हणजे बिशपच्या प्रांताचा, वाटा, शिवाय छप्पर, विमा, हिवाळ्यात इमारत तापवायचं तेल. उन्हाळ्यात लोक सुट्टीवर जातात, बिलं जात नाहीत. आणि खास कामासाठी द्यायचं म्हटलं की सगळ्यांना ऑर्गन नि रंगीत काच आठवते. बर्फ उपसणाऱ्याच्या बिलासाठी स्मरणार्थ देणगी दिल्याचं कुणी ऐकलंय?

उपासनेनंतर मोजणी. दोघं हवीत, तीही नवरा-बायको नकोत, एका घरातली नकोत. खजिनदार तर नकोच, आणि दर आठवड्याला तीच जोडीही नको. कुणावर संशय म्हणून नव्हे. उद्या बेरीज चुकली तर त्या माणसालाच साक्षीदार असावा म्हणून. प्रत्येक चेकच्या मागे ‘फक्त खात्यात जमा’ हा शिक्का आधी मारायचा. रोख दोघांनी वेगवेगळी मोजायची. पाकिटावर लिहिलेला आकडा आणि आतली रक्कम जुळत नसेल तर आतली खरी, आणि फरक तिथेच पाकिटावर लिहायचा. सगळ्यात जास्त घोळ होतो तो चेकच्या कोपऱ्यातल्या ओळीने. तिथे ‘फुलं’ लिहिलेलं वाचायचं राहिलं की ईस्टरच्या लिलीचे पैसे प्लेजमध्ये जमा होतात, आणि तीन महिन्यांनी हिशेबाचं पत्र घरी गेलं की फोन येतो.

महिन्यातून एका रविवारी तबकातलं सुटं दान रेक्टरच्या मदतनिधीत जातं. कॅननमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यातच, तसं आहे: गरिबांसाठी. त्यातून कुणाचं भाडं भरायचं असेल तर चेक घरमालकाच्या नावे काढावा, विजेचं बिल असेल तर कंपनीच्या. छप्पर गळतंय म्हणून या निधीला हात लावायचा नाही, मग गळती कितीही मोठी असो.

हल्ली बरीच घरं बँकेतून परस्पर देतात, आणि खजिनदाराला तेच हवं असतं. बर्फ पडला, सुट्टी आली, तरी पैसा येतो. क्रेडिट कार्डाने दिलं तर साधारण दोन-तीन टक्के मधल्यामध्ये कापले जातात, खात्यातून थेट दिलं तर बरंच कमी. पण मग तबक समोर आलं की हात रिकामा. शेजारच्याला काय वाटेल? म्हणून अनेक पॅरिशेसनी प्लास्टिकचं वेष्टण घातलेली छोटी कार्डं बाकांच्या पाठीच्या खणात ठेवली आहेत, ‘मी ऑनलाइन दिलं’ असं छापलेली. लोक ती तबकात टाकतात. फेल्टवर तीही आवाज करत नाहीत. मोजणारे ती बाजूला काढतात, आणि पुढच्या रविवारच्या आत कुणीतरी ती परत खणांमध्ये लावून ठेवतं.