तुम्ही विचारलंत म्हणून: वाट चुकलेल्या पक्ष्यासाठी बेटावर

सप्टेंबर संपत आला की मी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांच्या बाजूला निघते, हे कळल्यावर लोक मला हमखास एक प्रश्न विचारतात. ज्या पक्ष्यासाठी तुम्ही एवढ्या लांब जाता, तो त्याच्या नेहमीच्या मुलखात भरपूर असतो. मग चुकून तो उत्तर समुद्रातल्या एखाद्या उघड्या बेटावर उतरेल, या आशेवर वाऱ्यापावसात का उभं राहायचं? पक्षी पाहणारे मित्र तर नेमकं उदाहरण देतात. ब्लिथचा बोरू वटवट्या हा साधा, मळकट तपकिरी पक्षी हिवाळ्यात भारतातल्या झुडपाझुडपातून 'चक् चक्' करत असतो. त्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. फेअर आयलवर मात्र तो आला, की हातातलं काम टाकून आम्ही धावतो.

तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगते. मी दुर्मीळ पक्ष्यासाठीच जाते. "पक्षी दिसला नाही तरी हरकत नाही, जाण्यातच आनंद आहे," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण मी त्यांच्यातली नाही. नाही दिसला तर मला वाईट वाटतं आणि परतीच्या वाटेवरही ते जात नाही. मात्र दुर्मीळ म्हणजे माझ्या लेखी यादीत वाढलेलं एक नाव नव्हे. आपल्या मुलखात तो पक्षी मला फक्त दिसतो. बेटावर त्याच्या आत काय आहे ते दिसतं.

आधी बेटच का, ते सांगते. छोटे गाणारे पक्षी बहुतेक करून रात्री स्थलांतर करतात. जमिनीवरून जाताना पहाट झाली, की खाली उतरून ते रानात पांगतात. तिथे त्यांच्यात एखादा परका असला तरी तो कुणाला कळणार? समुद्रावर असताना उजाडलं तर मात्र खाली नुसतं पाणी असतं, आणि जो पहिला खडक दिसेल तिथे उतरावं लागतं. फेअर आयल असाच एक खडक आहे. ऑर्कनी आणि शेटलंड यांच्यामधलं हे बेट जेमतेम पाच किलोमीटर लांब, वस्ती पन्नासेक माणसांची आणि झाडं जवळजवळ नाहीतच. थकलेला पक्षी लपून लपणार कुठे? दगडी गडग्याच्या आडोशाला, परसातल्या केल या पालेभाजीच्या वाफ्यात, ओहोळाकाठच्या गवतात, नाहीतर कड्यात खोल शिरलेल्या घळीत. अशा घळीला तिथले लोक 'जिओ' म्हणतात. मुख्य भूमीवर जंगलात कायमचा हरवला असता, असा पक्षी इथे माणसाच्या नजरेच्या टप्प्यात येतो.

हे पूर्वीच्या लोकांनी ओळखलं होतं. हाइनरिश गेट्के नावाचा जर्मन चित्रकार १८३७ साली उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड बेटावर आला आणि पन्नासहून अधिक वर्षं तिथेच राहिला. जेमतेम एक चौरस किलोमीटरच्या त्या बेटावर काय काय उतरतं, ते त्याने आयुष्यभर लिहून ठेवलं. स्कॉटलंडचा जॉर्ज वॉटरस्टन दुसऱ्या महायुद्धात ग्रीसच्या क्रीट बेटावर पकडला गेला. जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत बसून त्याने फेअर आयलवरच्या पक्षिनिरीक्षण केंद्राचे बेत आखले, आणि १९४८ साली ते केंद्र सुरू झालंही. तारेच्या कुंपणाआड बसलेल्या माणसाला हेच स्वप्न का पडलं असेल, हे तिथे गेल्यावर मला कळलं.

नुसतं बेट असून भागत नाही, हवाही जुळावी लागते. स्कॅन्डिनेव्हियावर जास्त दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलं, की त्याच्या दक्षिण कडेने पूर्वेचा वारा उत्तर समुद्रावर वाहू लागतो. तिकडे आकाश निरभ्र असतं, म्हणून पक्षी संध्याकाळी बिनधास्त निघतात. इकडे पहाटे बेटाच्या आसपास पाऊस किंवा धुकं आलं, तर त्यांना खाली यावंच लागतं. सगळं जुळून आलं, की आदल्या दिवशी ओस पडलेल्या गडग्यांवर सकाळी जागोजागी रॉबिन, थ्रश, रेडस्टार्ट बसलेले असतात. आणि इकडेही आकाश स्वच्छ राहिलं, तर तेच सगळे डोक्यावरून निघून जातात. पाहुण्यांना पाऊस नको असतो. आम्ही पावसाकडे डोळे लावून असतो.

मग शोधायचं कसं? चालून. गडग्याची वाऱ्याकडची बाजू सोडून आडोशाची बाजू धरायची. ओहोळ खालून वर हळूहळू धुंडाळायचा. घळीच्या तोंडाशी पोटावर पडून खाली दुर्बीण लावायची आणि हालचाल होईपर्यंत हलायचं नाही. दिवसातले बरेचसे तास कुरणातल्या तीरचिमण्यांमध्ये जातात. शंभर सारख्या तीरचिमण्या बघितल्याशिवाय एकशे एकावी वेगळी आहे हे कळत नाही, म्हणून हा वेळ वाया गेला असं मी कधीच म्हणणार नाही. वेगळेपण बहुधा आधी कानाला जाणवतं. रिचर्डची तीरचिमणी आकाशात दिसण्याआधीच तिचा मोठा, खरखरीत आवाज येतो. पिवळ्या भुवईचा पर्णवटवट्या पानाआड असतो, पण त्याची वर चढत जाणारी 'त्सुईस्त' अशी बारीक शीळ वाऱ्यातही ऐकू येते. आणि लॅन्सिओलेटेड वॉर्बलर नावाचा वटवट्या तर उडायचंच नाव घेत नाही. गवताच्या बुडख्यातून तो उंदरासारखा पळतो, कधी थेट पाहणाऱ्याच्या बुटांपाशी येतो. ब्रिटनमधल्या त्याच्या नोंदींपैकी बहुतांश या एका छोट्या बेटावरच्या आहेत.

संध्याकाळी सगळे जमतात आणि दिवसभराची नोंद होते. एकेका जातीचं नाव पुकारलं जातं, ज्याने त्याने आपला आकडा सांगायचा. दुर्मीळ पक्ष्याच्या वेळी टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होते. पंखांवरचे पट्टे किती होते, पायांचा रंग काय, शेपटी कशी हलवत होता, हे सांगणाऱ्याला खोदून खोदून विचारलं जातं. ब्रिटनमध्ये १९५९ सालापासून दुर्मीळ नोंदी तपासणारी समिती आहे. तिच्याकडे वर्णन गेलं आणि पटलं नाही, तर ती नोंद गळते. "मी पाहिला" एवढ्यावर इथे भागत नाही, आणि ते मला मनापासून आवडतं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. यातले बरेच पक्षी त्या वर्षीच्या उन्हाळ्यात जन्मलेले, पहिल्यांदाच निघालेले असतात. पिवळ्या भुवईचा पर्णवटवट्या सहा-सात ग्रॅमचा. उरल पर्वताच्या आसपास आणि त्याच्या पूर्वेला सैबेरियाच्या रानात तो जन्मतो, आणि त्याने जायचं असतं दक्षिण आणि आग्नेय आशियात. आईबाप त्याला वाट दाखवत नाहीत. तो रात्री एकटा उडतो. मग कुठे जायचं हे त्याला कोण सांगतं?

याचं सगळ्यात सुंदर उत्तर मला ए. सी. पर्डेक या डच शास्त्रज्ञाच्या प्रयोगात मिळालं. त्याने नेदरलँड्समध्ये स्थलांतराच्या काळात ११,००० हून अधिक स्टार्लिंग (मैनेच्या कुळातले पक्षी) पकडून, पायांत ओळखीची कडी घालून, स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडले. १९५८ साली निष्कर्ष छापून आले. प्रौढ पक्ष्यांनी आपण भलतीकडे आलो हे ओळखलं आणि वळून ते आपल्या नेहमीच्या हिवाळी मुलखाकडे गेले. पिल्लांनी तसं केलं नाही. ती आपली ठरलेली दिशा धरून उडत राहिली आणि दक्षिण फ्रान्स, स्पेनमध्ये जाऊन पोचली. त्यांच्याकडे ठिकाण नव्हतंच. त्यांच्याकडे होती फक्त एक दिशा, अंड्यातूनच सोबत आलेली.

म्हणून शेटलंडच्या एखाद्या परसात सिकॅमोरच्या झाडाच्या पानांत तो इवलासा पक्षी माश्या टिपताना दिसतो, तेव्हा माझा श्वास अडकतो. वाऱ्याने फेकलेला म्हणावा, तर सबंध रशिया ओलांडून कुठला वारा एवढा वाहतो? शेवटच्या समुद्रावर वाऱ्याने हात दिला असेल, पण त्याआधीच्या कितीतरी रात्री तो स्वतःच्या पंखांनी पश्चिमेला आला आहे. काही अभ्यासकांना वाटतं, की अशा पक्ष्यांच्या आतली दिशा नेमकी उलटी असते. काहींचा भर होकायंत्र बिघडण्यावर आहे. उत्तर अमेरिकेत १९६० ते २०१९ या काळात कडी घातलेल्या २० लाखांहून अधिक पक्ष्यांच्या नोंदी तपासून २०२३ साली असं दाखवलं गेलं, की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ असते तेव्हा, विशेषतः शरदात, भरकटण्याचं प्रमाण वाढतं. भारतातल्या झुडपात बसलेला ब्लिथचा बोरू वटवट्या बरोबर ठिकाणी पोचलेला असतो, त्यामुळे तिथे त्याची दिशा नजरेला पडतच नाही. फेअर आयलच्या गडग्यावर तो बसतो तेव्हा दिसते ती फक्त दिशाच.

यानंतर एक दुसरा प्रश्न येतो, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो पक्षी मरणारच ना? मग त्याला बघून आनंद कसा होतो?

पुष्कळ मरतात, हे खरं आहे. पश्चिमेला आणखी पुढे गेले तर अटलांटिक आहे. पायाशी येऊन बसलेला, पिसं फुलवलेला, डोळे मिटणारा पक्षी मी पाहिला आहे आणि त्या वेळी दुर्बीण खाली ठेवली आहे. पण सगळेच मरतात असं जे गृहीत धरलं जायचं, ते चूक निघालं. सैबेरियातल्या रिचर्डच्या काही तीरचिमण्या दरवर्षी दक्षिण फ्रान्समध्ये हिवाळा काढतात. पाठीवर बसवलेल्या सूक्ष्म यंत्रांच्या आधाराने २०२१ साली दाखवलं गेलं, की हे पक्षी सैबेरियात परत जातात, प्रजनन करतात आणि पुढच्या शरदात पुन्हा पश्चिमेला येतात. ज्याला सगळे वाट चुकलेला म्हणत होते, त्याची ती वाट झाली आहे. ब्लॅककॅप नावाच्या वटवट्याचंही असंच झालं. मध्य युरोपातले काही ब्लॅककॅप भूमध्य समुद्राकडे जाण्याऐवजी वायव्येला ब्रिटनमध्ये हिवाळ्याला येऊ लागले. त्यांची पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लंही, कुणी न शिकवता, त्याच दिशेला तोंड करतात, हे १९९२ साली सिद्ध झालं. पिवळ्या भुवईचे वटवटे आता दर शरदात पश्चिम युरोपात इतक्या मोठ्या संख्येने येतात, की त्यांना नुसतं चुकार म्हणायला माझी जीभ धजत नाही. उद्याचा एखादा नवा मार्ग आज कुठल्या तरी घळीत माश्या टिपत असेल.

म्हणूनच त्याच्याशी वागायचं कसं, याबद्दल मी कडक आहे. त्या पक्ष्याला त्या घडीला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे खायला वेळ. फोटोसाठी त्याला पुन्हा पुन्हा उडवणं, आवाजाची ध्वनिफीत लावून बाहेर काढणं, चहूबाजूंनी घेरणं हे मला अजिबात सहन होत नाही. नीट खायला मिळालं, तर काही दिवसांत चरबी साठवून तो पुढे निघू शकतो. परसातल्या वाफ्यात जायचं तर घरच्यांना विचारून जायचं, आणि उघडलेलं फाटक लावून घ्यायचं.

पश्चिमेकडच्या बेटांबद्दलही विचारतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळची सिली बेटं किंवा पोर्तुगालच्या अझोर्स बेटांमधलं कॉर्व्हो इथे ऑक्टोबरात अटलांटिकची वादळं अमेरिकेचे पक्षी आणून टाकतात. बारा ग्रॅमचा ब्लॅकपोल वॉर्बलर एरवीही उत्तर अमेरिकेतून कॅरिबियनपर्यंत दोन-तीन दिवस न थांबता समुद्रावरून उडतो. त्यालाच वादळाने गाठलं तर तो युरोपात पोचतो. ते पक्षी देखणे आहेत, त्यांची चिकाटीही अफाट. तरी माझा ओढा पूर्वेच्या वाऱ्याकडे आहे, कारण तिकडून आलेला पक्षी स्वतःच्या दिशेने आलेला असतो.

यायचं असेल, तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ धरा. हाताशी चार दिवस जास्त ठेवा, कारण धुक्यात छोटं विमान उडत नाही आणि समुद्र खवळला की बोट निघत नाही. येण्याआधी कुरणातली तीरचिमणी आणि चिफचॅफ नावाचा पर्णवटवट्या हे दोन पक्षी पाठ करा, मागून, पुढून, उडताना, भिजलेले असताना. आणि रोज हवामानाचा नकाशा बघत जा. स्कॅन्डिनेव्हियावर दाब वाढतोय असं दिसलं तर मला फोन करू नका, कारण मी तेव्हा एखाद्या घळीच्या तोंडाशी पोटावर पडलेली असेन. थेट तिकडेच या.