तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या व्हिडिओंत इतिहास कसला?

इतिहासाच्या तासाला मी मुलांना युट्यूबवरचे जुने व्हिडिओ अभ्यासायला लावते, आणि दर जूनमध्ये कोणीतरी विचारतंच. कधी पालक, कधी स्टाफरूममधले सहकारी; परवा तर दादरला एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं, "व्हिडिओ तर पोरं दिवसभर बघतातच, त्यासाठी इतिहासाचा तास कशाला?" आजवर मी विषय बदलत आले. आता बदलत नाही.

पोरं व्हिडिओ बघतात, त्याच्याभोवतीचं पान वाचत नाहीत. पहिल्या तासाला मी 'मी ॲट द झू' दाखवते. 23 एप्रिल 2005ला चढवलेला युट्यूबवरचा पहिला व्हिडिओ, सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा असलेला जावेद करीम, जेमतेम 19 सेकंद. मुलं खालचं वर्णन वाचतात आणि 2005बद्दल लिहायला लागतात. पण ते वर्णन करीमने पुढे बदललं. नोव्हेंबर 2021मध्ये युट्यूबने डिसलाइकचे (नापसंतीचे) आकडे लपवले तेव्हा त्याने निषेध तिथेच लिहिला. एकाच पानावर चित्र एका काळाचं, मजकूर दुसऱ्या काळाचा. हे ओळखायला शिकवावंच लागतं. मुंबईतल्या 26 जुलै 2005च्या पुराच्या क्लिप घ्या. सांताक्रूझला त्या एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला हे मुलांना पाठ असतं, पण क्लिपखालची तारीख पाण्याची नसून चढवल्याची असते, हे दर वर्षी नव्याने सांगावं लागतं.

इथवरचं उत्तर मला सोपं वाटायचं. अवघड भाग पुढे आहे आणि तो मी पंगतीत सांगू शकले नसते.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात लालबागची एक मुलगी होती. तिने प्रकल्पासाठी आपल्याच चाळीचा व्हिडिओ शोधून काढला. 2007चं विसर्जन, 'भाग 2'. बाकीचे भाग सापडले नाहीत. मोबाइलवर घेतलेलं चित्र इतकं फुटलेलं की गुलाल आणि दिव्यांच्या माळा एकमेकांत मिसळलेल्या. 9 मिनिटं 40 सेकंदांनी आरती मधेच तुटते. 2006 ते 2010 या काळात साध्या खात्यावर दहा मिनिटांची मर्यादा होती, म्हणून लोक घरातले कार्यक्रम असे तुकडे करून चढवत. हे तिने टिपणात नीट लिहिलं होतं. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला होता. आणि चौथ्या मिनिटाला गॅलरीच्या कठड्याशी वाकून खाली बघणारी तिची आजी होती. आजी 2012मध्ये गेली. हलणारी, पदर सावरणारी आजी तिने इतक्या वर्षांनी तिथेच पाहिली.

माझा नियम होता: चढवणाऱ्याला विचारल्याशिवाय कोणाचा खाजगी व्हिडिओ आपल्याकडे उतरवून (डाउनलोड करून) ठेवायचा नाही. मी तिला विचारायला लावलं. पत्राचा मसुदासुद्धा मीच तपासला. दोन दिवसांनी उत्तर आलं. "बाळा, हा व्हिडिओ अजून आहे हे मला माहीतच नव्हतं. त्यात माझ्यासोबत जी आहे, तिचा-माझा आता संबंध नाही. काढून टाकतो." त्या रात्रीच त्यांनी तो काढला.

सकाळी ती स्टाफरूमच्या दारात उभी होती. "मॅडम, आपण विचारलंच नसतं तर राहिला असता ना?"

मी तिला म्हणाले, त्या माणसाचा हक्क होता. खरंच होता, आजही तेच म्हणेन. पण त्या व्हिडिओखाली अकरा कमेंटही होत्या. दुबईहून कोणीतरी लिहिलं होतं, "तिसऱ्या मजल्यावरचा आमचा दरवाजा दाखवा रे." कोणीतरी उत्तर दिलं होतं, "दरवाजा नाही, पण तुझी आई दिसतेय बघ." व्हिडिओबरोबर हे सगळं गेलं. त्या माणसांना कोणी विचारलं? ते शब्द व्हिडिओ चढवणाऱ्याचे नव्हते. इंटरनेटवरची जुनी पानं जतन करणाऱ्या वेबॅक मशीनवर मी शोधलं, ते पान कधी जतनच झालं नव्हतं.

तेव्हाची मी ठाम होते: कागदाला जे नियम, तेच याला. आता वाटतं, दफ्तरखान्यातला कागद आपण वाचायला मागितला म्हणून कोणी जाळत नाही. इथे आपली विचारणाच साधनाचा जीव घेऊ शकते. मग आधी उतरवून ठेवायचं आणि मागाहून विचारायचं? तसं केलं असतं, तर नको असलेला संसार माझ्या पेनड्राइव्हवर ठेवून घेणारी मी कोण? दर जूनमध्ये सूचनांचा कागद छापायच्या आधी मी त्या नियमाचं वाक्य बदलते, पुन्हा जुनं घालते. यंदा जुनंच छापलंय.

एक मात्र बदललं. पहिला आठवडाभर मुलांनी फक्त बघून लिहायचं: सेकंदानुसार काय दिसतं, काय ऐकू येतं, कोण काय म्हणतं, कमेंट शब्दशः. कंटाळतात, पालकांचे फोन येतात, आणि मग तुमचा तो प्रश्न येतो.

त्या मुलीची वही माझ्याकडेच राहिली आहे. निळ्या शाईत एक ओळ आहे: "4:12, आजी, डावीकडून तिसरी, पदर खांद्यावर. कोणालातरी हाक मारते. आवाज ढोलात बुडतो." त्यापुढे पेन्सिलीने, बहुधा नंतर, तिने लिहिलंय, "मला?" 2007मध्ये ती सहा वर्षांची होती आणि खाली अंगणातच कुठेतरी असणार.