आमची वाटचाल : आधी एससी, मग स्क्रूड्रायव्हर

सन मायक्रोसिस्टिम्सची सर्व्हर मशीन सन फायर टी२००० डिसेंबर २००५ मध्ये आली. भोसरीतली आमची फर्म त्याच मशीनवर उभी राहिली आणि त्याच मशीनच्या एका रॅमवरून बुडता बुडता वाचली.

आमच्या सर्वांत जुन्या ग्राहकाच्या, एका सूतगिरणीच्या मशीनमध्ये पोस्टने (मशीन चालू होताना होणारी आपोआप तपासणी) एक डिम (रॅमची पट्टी) बाद केली. आम्ही पोचायच्या आत एका मोठ्या सर्व्हिसवाल्याने डिम बदलली. मेमरी तरीही कमीच. त्याने शेरा मारला : मदरबोर्ड गेला, आधीच्या लोकांनी नकली रॅम लावली. आमचा करार थांबला, बिलं अडकली, तीन महिने पगार उसनवारीवर झाले.

बोर्ड ठणठणीत होता. पोस्टने बाद केलेला भाग एससीच्या (सिस्टिम कंट्रोलर, म्हणजे सर्व्हरवर देखरेख ठेवणारं वेगळं कार्ड) यादीत बादच राहतो, नवी डिम घातली तरी. एससीला 'शोफॉल्ट्स -व्ही' ही आज्ञा दिली की कोणता चॅनेल, कोणती रँक, कोणती डिम, सगळं नावानिशी दिसतं. त्याच नावाने 'एनेबलकंपोनंट' द्यायचं आणि मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं. दोष सोलारिसने (मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम) धरला असेल आणि समोर यूयूआयडी (त्या दोषाचा ओळख क्रमांक) असेल, तर मात्र 'क्लिअरफॉल्ट' आणि तो यूयूआयडी. या दोन्हींत गल्लत झाली की चांगले बोर्ड भंगारात जातात. गिरणीच्या ईडीपीतल्या (संगणक विभागातल्या) साहेबांनी बोर्डाची ऑर्डर रोखून आम्हाला बोलावलं, म्हणून हे सिद्ध करता आलं. त्या शेऱ्याबद्दल माफी आजतागायत आलेली नाही.

आमच्या बॅगेत पहिली वस्तू सिरियल केबल. ती एससीच्या एसईआर एमजीटी पोर्टला लावायची : वेग ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. कन्सोलमधून 'हॅश-टिंब' (#.) दाबलं की एससी प्रॉम्प्ट, तिथेच या आज्ञा द्यायच्या. कसून तपासायचं तर 'सेटकीस्विच डायग' करून पॉवरऑन; काम झाल्यावर ते नॉर्मलवर आणा, नाहीतर दर बूटला पूर्ण पोस्ट चालतं आणि ग्राहक ताटकळतो.

नव्या मुलांनो, फर्मवेअर (मशीनमधलं मूळ सॉफ्टवेअर) घाईत भरू नका. एनईटी एमजीटीला (एससीचा नेटवर्क पोर्ट) आयपी द्या, इमेज एफटीपी सर्व्हरवर ठेवा. होस्ट (म्हणजे मुख्य सर्व्हर) पॉवरऑफ करा आणि 'शोप्लॅटफॉर्म'ने खात्री करा. किल्ली (सॉफ्टवेअरमधली, खरी नव्हे) लॉक्ड असेल तर 'सेटकीस्विच नॉर्मल'. मग 'फ्लॅशअपडेट', सर्व्हरचा आयपी, फाइलचा पाथ. शेवटी 'रीसेटएससी', आणि 'शोहोस्ट'ने आवृत्ती वाचून वहीत लिहा. होस्ट बंद असला तरी एससी स्टँडबाय वीजेवर जागा असतो, म्हणून अपडेट चालू असताना पॉवर कॉर्डला कुणालाही हात लावू देऊ नका. अर्धवट अपडेटने एससी उठलाच नाही तर कार्ड बदलावं लागतं.

तसं झालं तर जुन्या कार्डावरचा कॉन्फिगरेशन प्रॉम (छोटी मेमरी चिप) काढून नव्यावर बसवा. होस्ट आयडी (मशीनचा ओळख क्रमांक) आणि मॅक पत्ते (नेटवर्क पोर्टांचे पत्ते) त्यात असतात. गिरणीच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स होस्ट आयडीला बांधलेलं होतं. प्रॉम विसरलो असतो तर मशीन चालू आणि हिशेब बंद.