तुम्ही विचारलंत म्हणून: गोळ्यात पाणी गेलं कुठून?

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस बूट काढतो, पाणी पितो आणि मग त्याची नजर खिडकीकडे जाते. तिथे सुतळीच्या चुंबळीवर एक हिरवा काचेचा गोळा बसवलेला आहे, मध्यम कलिंगडाएवढा. अंगावर काळपट दोरीचं जाळं. माणूस तो दोन्ही हातांनी उचलतो, आत काहीतरी डचमळतं आणि प्रश्न येतो, "अहो, ह्यात पाणी आहे! गेलं कुठून?" मग गोळा फिरवून फिरवून भोक शोधलं जातं. भोक काही सापडत नाही. मी चहा टाकायला उठते, कारण ह्या प्रश्नाचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही.

हा जपानी कोळ्यांच्या जाळ्याचा बोया. जाळं पाण्यात उभं राहावं म्हणून त्याच्या वरच्या काठाला असे गोळे बांधत. आमच्या वेंगुर्ल्याला प्लास्टिकचे बोये असतात, त्यांचाच हा काचेचा आजोबा म्हणा. जपानीत ह्याला उकिदामा म्हणतात, म्हणजे तरंगता गोळा; बिनदामा असंही म्हणतात, आणि त्यातला 'बिन' म्हणजे बाटली. ते नाव अगदी रास्त आहे. साकेच्या, म्हणजे जपानी दारूच्या, रिकाम्या बाटल्या फोडून, वितळवून हे गोळे फुंकले जायचे, म्हणून तर बहुतेक गोळे बाटलीच्याच हिरव्या नाहीतर फिक्या निळसर रंगाचे असतात. भंगाराची काच, त्यामुळे आत बुडबुडे, रेघा, क्वचित काळा ठिपका. कुणीही ते सुंदर दिसावेत म्हणून केले नव्हते. हे मला संग्राहकांना वरचेवर सांगावंसं वाटतं, पण ते ऐकत नाहीत.

कल्पना मुळात जपानचीही नाही. 1840च्या दशकात नॉर्वेत काचेचे बोये फुंकायला सुरुवात झाली, तिथून ते युरोपभर गेले. जपानने ते उचलले 1910च्या सुमाराला, आणि मग असे काही केले की आज काचेचा बोया म्हटलं की लोकांना जपानच आठवतो. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचं ओतारू हे त्यातलं मोठं गाव. हेरिंग माशाची तिथे लयलूट होती आणि जाळ्यांना गोळे हजारांनी लागत. लहान जाळ्यांना संत्र्याएवढे पुरत. टूनासाठी मैलोन्मैल सोडायच्या गळाच्या दोरीला माझ्याकडे आहे तसले मोठे. 1950च्या दशकात होक्काइदोची हेरिंग जवळपास संपली, पुढे प्लास्टिक आलं आणि गोळ्यांच्या भट्ट्या एकेक करून विझल्या. काही तगल्या, पण धंदा बदलून. जपानमधल्याच आओमोरीतली होकुयो ग्लास ही काचेची कंपनी 1949 साली ह्या गोळ्यांसाठीच सुरू झाली होती. आता त्याच हातांनी रंगीत फुलदाण्या आणि पेले होतात. ओतारूत मात्र आजही गोळा फुंकला जातो. मी तिथे गेले ती तिथल्या प्रसिद्ध कालव्याचे फोटो काढायला नव्हे, एवढ्याचसाठी.

तर पाणी. त्यासाठी गोळा पालथा करून बघा. एका जागी काचेची टिकली दिसेल, जाड, जराशी वाकडी, डोशावर लोण्याचा गोळा अर्धवट विरघळावा तशी. तिच्यावर बोट फिरवलं की उठावाचं एक अक्षर लागतं, तो कारखान्याचा शिक्का. सगळी गंमत ह्या टिकलीत आहे. कारागीर नळीच्या टोकाला वितळलेली काच घेतो, फुंकतो, फिरवतो, गोळा होतो. नळीपासून तो तोडला की तिथे भोक राहतं. लगेच दुसऱ्या सळईवर लाल रसरशीत काचेचा थेंब येतो, भोकावर पडतो, त्यावर शिक्का दाबतात. ओतारूत हे बघताना मी घड्याळ लावायचं ठरवलं होतं, पण खिशातून फोन काढेपर्यंत शिक्का मारून झालाही होता.

आता विचार करा. तोंड बंद झालं तेव्हा आतली हवा भट्टीची, प्रचंड तापलेली. गोळा निवतो तशी ती हवा आकसते, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा बराच कमी होतो. म्हणजे गोळा जन्मतःच तहानलेला. त्यात टिकली आणि गोळा ह्या दोन वेगवेगळ्या वेळच्या काचा. त्यांच्या सांध्यात केसाहून बारीक फट राहिली तर डोळ्याला दिसत नाही. एरवी त्या फटीतून काही जात नाही. पण जाळं भरून खाली ओढलं गेलं की गोळाही खाली जातो, आणि दर दहा मीटरला एक वातावरण एवढा दाब वाढतो. शंभर मीटरवर बाहेरून अकरा वातावरणांचा दाब आणि आत एकाहूनही कमी. पाणी शिरणारच. वर आल्यावर त्याला बाहेर ढकलायला तसा जोर कुठला? ते आतच राहतं.

माझी आई इथे अमेरिकेत, ऑरेगनला आली होती तेव्हा तिला हे सगळं मी मोठ्या उत्साहानं समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे आपला गंगेचा गडूच की गं." काशीहून आणलेला, तोंड डाक देऊन बंद केलेला तांब्याचा गडू आमच्या देवघरात होता, लहानपणी आम्ही तो कानाशी हलवून आत पाणी आहे का बघायचो. फरक एवढाच, की गडूतलं पाणी वर्षानुवर्षं कमी होत जातं आणि ह्यातलं होत नाही. मी चार वर्षांपूर्वी पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावून ठेवली आहे. अजून तिथेच आहे.

दुसरा प्रश्न ठरलेला, "किनाऱ्यावर सापडला का?" नाही. हा मोठा मी एका गराज सेलमधून घेतला. विकणाऱ्या आजींच्या यजमानांनी तो अलास्कातल्या कुठल्याशा बेटावरून आणला होता. ऑरेगनच्या किनाऱ्यावर मी सोळा हिवाळे फिरते आहे आणि मला स्वतःला सापडलाय एकच, मोसंब्याएवढा, जाळं नसलेला, अंगावर दगडी शिंपले चिकटलेला. जाळ्यातून सुटलेले गोळे कुरोशिओ प्रवाहानं जपान सोडतात, उत्तर पॅसिफिक ओलांडतात आणि पुष्कळसे तिथेच गोल गोल फिरत राहतात. पश्चिमेचा वारा दिवसेंदिवस जोरात वाहिला तरच एखादा किनाऱ्याला लागतो. जुने लोक सांगतात, वेलेला आले की जा. वेलेला म्हणजे पारदर्शक शिडाचे निळे जीव, जेलीफिशचे चुलत भाऊ. तेही वाऱ्यावरच चालतात, गोळाही अर्धा वर असल्यामुळे वाऱ्यावर चालतो. मला माझा सापडला तो ह्याच जीवांच्या निळ्या, कुजकट वासाच्या पट्ट्यात. वासानं नवरा गाडीत जाऊन बसला होता, म्हणून तो क्षण माझ्या एकटीचा.

ऑरेगनमधल्याच लिंकन सिटीत किनाऱ्यावर मुद्दाम गोळे लपवतात. स्थानिक कलाकारांनी फुंकलेले, रंगीबेरंगी, सापडेल त्याचा. 1999-2000च्या सुमाराला सुरू झालेली ही प्रथा मुलांना फार आवडते आणि मी तिला नावं ठेवत नाही. पण ते म्हणजे अंगणात लपवलेला लाडू शोधणं झालं.

नकली गोळ्यांचं विचारू नका, असं मी म्हणते, तरी विचारतात. मी स्वतः फसले आहे. एका किनाऱ्यालगतच्या दुकानातून सुरुवातीला चाळीस डॉलरला गर्द निळा गोळा आणला, कारण खऱ्या गोळ्यांत गर्द निळा दुर्मीळ असतो हे नुकतंच वाचलं होतं. जाळं कोरं करकरीत, सगळ्या गाठी एकसारख्या, काचेला कुठे ओरखडा नाही, टिकलीवर अक्षर नाही. शोभेसाठी बनवलेला माल. समुद्रात राहिलेल्या काचेवर वाळूची झीज असते, आणि ती जाळ्याच्या दोऱ्यांखाली कमी, चौकटींत जास्त, अशी असते. जाळं कुजून गेलं तरी त्याची नक्षी काचेवर उमटलेली दिसते. ही झीज खोटी करणं सहसा कोणाला परवडत नाही. तो निळा आता न्हाणीघरात आहे.

पाणी असलेल्या गोळ्याला एकच पथ्य, थंडीत बाहेर ठेवायचा नाही. पाणी गोठलं की फुगतं आणि एवढा समुद्र पचवलेला गोळा व्हरांड्यात तडकतो. गेल्या महिन्यात नवऱ्याच्या ऑफिसातला एक हुशार मुलगा जेवायला आला होता. त्यानं गोळा हलवून पाहिला, टिकली शोधून काढली, फटीचंही बरोबर ओळखलं. मग म्हणाला, "काकू, बारीक डायमंड ड्रिल मारलं तर पाणी काढता येईल. मी आणू का उद्या?" मी त्याला आणखी एक पुरणपोळी वाढली आणि गोळा उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवला.