व्हँकुव्हरचा सीवॉल: स्टॅन्ली पार्कला सायकलने एक फेरी

कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराच्या स्टॅन्ली पार्कभोवती सीवॉल, म्हणजे समुद्राकाठच्या दगडी भिंतीवरची वाट आहे. तिच्यावर सायकल एकाच दिशेने चालते, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. जॉर्जिया स्ट्रीटच्या टोकाला, कोल हार्बरपाशी आत शिरायचं आणि इंग्लिश बेच्या अंगाने बाहेर पडायचं. पायी चालणाऱ्यांना दोन्ही दिशा मोकळ्या. सायकलवाल्याचं एखादं ठिकाण मागे राहिलं, की सायकल हातात धरून चालत मागे यायचं, नाहीतर त्यावर पाणी सोडायचं. त्यामुळे कुठे थांबायचं हे निघण्याआधीच ठरलेलं हवं.

फेरी साधारण नऊ-दहा किलोमीटरची आणि जवळपास सपाट. न थांबता गेलं तर तासाभरात होते, पण थांबत जायचं असेल तर अडीच-तीन तासांसाठीच सायकल घ्यावी. पाण्याकडची पट्टी पादचाऱ्यांची, आतली सायकलींची. फोटोच्या नादात पादचारी आतल्या पट्टीत येतात, टक्करी बहुतेक त्यानेच होतात. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी दुपारी तर सायकल चालवण्यापेक्षा ब्रेकच जास्त दाबावा लागतो. सकाळी दहाच्या आत निघालेलं उत्तम.

सायकली डेनमन आणि जॉर्जियाच्या चौकाजवळ भाड्याने मिळतात. ओळखपत्र आणि अनामतीसाठी क्रेडिट कार्ड जवळ ठेवा. ब्रिटिश कोलंबिया या इथल्या प्रांतात हेल्मेट सगळ्यांनाच सक्तीचं आहे. दुकानातून निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघा, सीटची उंची जमवून घ्या आणि कुलूप मागून घ्या. काही सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, पेडल उलटं फिरवलं की त्या थांबतात. सवय नसेल तर गर्दीत अशी सायकल नको. गाडी आणायच्या भानगडीत पडू नये, पार्कमधलं सगळं पार्किंग पैसे भरून आहे. मध्य शहरातून 19 नंबरची बस थेट पार्कात येते.

पहिल्या टप्प्यात उजवीकडे बंदर आणि डेडमन्स आयलंड. हे बेट नौदलाकडे आहे, आत सोडत नाहीत. पुढे वळणाआधी 1816 साली ओतलेली तोफ आहे, ती रोज रात्री नऊला उडते. तिच्याजवळच, रस्त्याच्या आतल्या बाजूला टोटेम पोल, म्हणजे इथल्या आदिवासींचे कुळचिन्हं कोरलेले लाकडी खांब आहेत. इथे कुलूप लावून अर्धा तास द्यायलाच हवा. खांब नऊ आहेत. जुने मूळ खांब जतनासाठी संग्रहालयांत हलवले असून त्यांच्या जागी नव्याने कोरलेले उभे आहेत. शेजारच्या माहितीफलकांवर कुठलं चिन्ह कोणत्या कुळाचं ते दिलंय. ते न वाचता नुसते फोटो काढून निघालं तर थांबण्यात मतलब नाही.

ब्रॉक्टन पॉइंटच्या दीपगृहाखालून रस्ता वळला, की पाण्यातल्या खडकावर बसलेला पाणबुड्याचा पोशाख घातलेल्या मुलीचा पुतळा दिसतो. भरतीला खडक बुडतो आणि ती थेट पाण्यावर बसल्यासारखी वाटते. ओहोटीला सीवॉलच्या दगडांवर भरतीची रेघ स्पष्ट दिसते: खाली काळपट हिरवा, निसरडा पट्टा, त्यावर चिकटलेल्या धारदार शिंपल्यांचा थर आणि वर कोरडा करडा ग्रॅनाइट. इथे भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जाऊ शकतो, म्हणून वेळापत्रक आदल्या रात्रीच बघून ठेवावं. ओहोटीत खडकांवर उतरायचं असेल तर रबरी सपाता घालून मुळीच नको.

लंबरमन्स आर्चपाशी स्वच्छतागृह आहे, ते वापरून घ्या आणि बाटल्याही भरून घ्या. इथून थर्ड बीचपर्यंत तीन-चार किलोमीटर सीवॉलवर यातलं काही नाही. एका बाजूला कडा, दुसरीकडे पाणी. लायन्स गेट पुलाखाली (1938) वारा जोरात लागतो, भर जुलैतही विंडचीटर कामी येतो. उत्तरेकडे तोंड असल्याने हा भाग सावलीत असतो, पावसाळी महिन्यांत शेवाळाने घसरडा होतो. पंक्चर झालंच तर मदत लवकर पोचत नाही. सायकल ढकलत पुढेच जायचं.

बंदही हाच टप्पा जास्त पडतो. कड्यावरचे सैल दगड काढायला अधूनमधून रस्ता अडवतात, आणि हिवाळ्यात मोठी भरती व वादळ एकत्र आलं तर लाटा थेट वर येतात. जानेवारी 2022 मध्ये अशाच लाटांनी पश्चिमेकडचा सीवॉल फोडला होता. 2006 च्या डिसेंबरमधल्या वादळात पार्कातली सुमारे दहा हजार झाडं पडली, तेव्हा तर हा भाग महिनोन्‌महिने बंद राहिला. म्हणून निघण्याआधी शहराच्या संकेतस्थळावरच्या सूचना बघाव्यात. पर्यायी रस्ता प्रॉस्पेक्ट पॉइंटवरून जातो, पण तो पार्कचा सगळ्यात उंच भाग, चढ दमवतो.

सिवॉश रॉकच्या सुळक्यापाशी वाट अरुंद आहे, तिथे मध्येच थांबू नका. थर्ड बीच वाळूचा, सूर्यास्तासाठी प्रसिद्ध. पण जूनअखेरीस सूर्य नऊ-वीसच्या सुमारास मावळतो आणि तोवर सायकलीची बरीच दुकानं बंद झालेली असतात. सूर्यास्त हवा तर सायकल परत करून पायी या. सेकंड बीचचा पोहण्याचा तलाव फक्त उन्हाळ्यात चालू असतो. समुद्रात पोहायचं असेल तर पाण्याच्या गुणवत्तेची पाटी आधी वाचा. जोरदार पावसानंतर सांडपाणी मिसळून जिवाणू वाढतात.

बाहेर पडताना टेनिस कोर्टांजवळच्या झाडांवर मान वर करा. मार्चपासून उन्हाळ्यापर्यंत तिथे मोठ्या निळ्या बगळ्यांची वसाहत असते. खाली उभं राहताना टोपी मात्र हवीच. रॅकून किंवा कायोटीला (कोल्ह्यासारखा जंगली प्राणी) काही खायला घालू नका, दंड होतो. माणसाला सोकावलेली कायोटी चावण्याचे प्रकार 2020-21 मध्ये इथे बरेच झालेत.

परतीला लॉस्ट लगून या पार्कातल्या तळ्याच्या दक्षिणेची सायकलवाट सोपी. दम उरला असेल तर इंग्लिश बेवरून तसंच पुढे जाता येतं. कन्व्हेन्शन सेंटरपासून स्पॅनिश बँक्सपर्यंत पाण्याकाठची सगळी वाट 28 किलोमीटरची आहे. ग्रॅनव्हिल आयलंडला छोट्या बोटीने जायचं तर तिकीट वेगळं काढावं लागतं, बस-ट्रेनचं कंपास कार्ड तिथे चालत नाही.